पोटासकट

केकवर झाड काढलेलं होतं. हिरव्या क्रीमचं खोड, त्याला फुटलेल्या फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला चॉकलेटचा एकेक किडा: माशी, भुंगा, टोळ, मुंगी, फुलपाखरू. सगळ्यांच्या खाली, खोड जमिनीतून वर येतं तिथे, एका एकट्या फांदीवर पांढरा ठिपका होता. तो पांढोबा. सरांनी सुरी घेतली, पहिला तुकडा नेमका तिथलाच कापला, स्वतःच्याच तोंडात टाकला आणि टाळ्या झाल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत चिमटाताईही होती. पुढे तिला ज्या अनेक गोष्टींचा संताप आला, त्यांत ही एक होती, की आपणही वाजवल्या.

चिमटाताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण तिच्या कोटाच्या खिशात कायम बारीक टोकाचा चिमटा असायचा आणि अकरा वर्षांत तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती किड्यांमधून डीएनए काढायची. किड्याचा पाय उपटायचा, करंगळीएवढ्या नळीत टाकायचा, प्लास्टिकच्या बत्त्याने वाटायचा, रसायनं घालायची, गरम करायचं, गरगर फिरवायचं. शेवटी नळीच्या तळाशी साध्या पाण्यासारखा दिसणारा एक थेंब उरतो. त्या थेंबात त्या किड्याची सगळी कुळकथा असते. ती कुळकथा मशीन वाचून काढतं, मग संगणकावर एका किड्याची अक्षरं दुसऱ्याशी जुळवून बघायची, की कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण नुसताच शेजारी, आणि कुणाचं घर किती कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं. अशा तीनशे किड्यांचं सरांचं झाड होतं. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. ते झाड लावण्यात त्यांच्या डोक्यावरचे केस गेले, असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

पाय उपटायचा तो फक्त डावा, मागचा. असा नियम कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता. संग्रहालयात तो एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे आला होता. उजवी बाजू शाबूत राहिली पाहिजे, बाकीचा देह स्पिरिटच्या बाटलीत परत गेला पाहिजे, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर त्याने बाटली उघडून बघावं. चिमटाताई नव्या लोकांना पहिल्या दिवशी हे सांगायची आणि चुकलेल्यांना असे खडे बोल सुनवायची, की ते पुन्हा उजव्या पायाकडे बघायचेही नाहीत. अकरा वर्षांत तिने हा नियम एकदाच मोडला आणि मोडला तो नेमका पांढोबाच्या बाबतीत.

पांढोबा बाबांचा होता. बाबा म्हणजे तिचे वडील, शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी वाळूच्या गाळण्या धुतल्या, पाण्याचे नमुने घेतले आणि गाळण्यांखालच्या ओल्या बोगद्यातून कंबर मोडेस्तोवर वाकून पाइप तपासले. त्या बोगद्याच्या भिंतीवर त्यांना तो दिसला. नखाएवढा, पांढराफटक, डोळे नाहीत, पंख नाहीत, मागे शेपटासारखे तीन दोरे. पहिला सापडला तो त्यांनी काडेपेटीत ठेवला आणि त्याचा वाळून भुगा झाला. मग ते शहाणे झाले. पुढचे दोन त्यांनी औषधाच्या छोट्या बाटल्यांत स्पिरिट घालून जपले. एकतीस वर्षांत तीन. आई म्हणायची, "माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलं असतंत, तर माझ्यातही काहीतरी सापडलं असतं."

बाबांना त्याच्याबद्दल एकच गोष्ट हवी होती. हा कुणाचा कोण? त्यांनी शाळेच्या मास्तरांना विचारलं, औषधाच्या दुकानदाराला विचारलं, वाचनालयातली पुस्तकं चाळली. "ह्याचं घर कुठलं एवढं कळू दे, मग मी मरायला मोकळा," ते म्हणायचे. "मरा खुशाल," आई म्हणायची, "पण आधी न्हाणीघरातला नळ नीट करा. आख्ख्या शहराला पाणी पाजलंत आणि घरातली तोटी गळतेय."

तर दोन वर्षांपूर्वी बाबांनी दोनातली एक बाटली मुलीच्या हातात ठेवली. "एकच पाय हं," त्यांनी बजावलं. "डावा, मागचा. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

"एकच, बाबा," ती म्हणाली.

सरांनी बाटली उजेडात धरली आणि त्यांचे डोळे चमकले. कीटक मुळात आले ते पाण्यातल्या कवचवाल्या जिवांमधून, कोळंबी-खेकड्यांच्या भाऊबंदांतून, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि सगळ्यांनाच. पण पाण्यातलं घर सोडून जमिनीवर पहिलं पाऊल कुणी टाकलं, त्याच्या जवळचा कुणी आज जिवंत आहे का, हे कुणी दाखवलं नव्हतं. हा आंधळा, बिनपंखाचा, पाण्याच्या काठाला राहणारा प्राणी सरांना भलताच आवडला.

"पायात काय निघणार? अख्खाच घ्या," ते म्हणाले.

"सर, आपल्याकडे एकच आहे."

"एकच आहे म्हणूनच सांगतोय. पाय वाया गेला तर?"

"मग निदान आतडं काढून घेते. त्याने काय खाल्लंय कुणास ठाऊक, ते सगळं मिसळेल."

"एवढ्याशा जिवाचं आतडं काढायला तुमचे दोन दिवस जातील. शनिवारी मशीनवर आपला नंबर आहे, पुढचा तीन महिन्यांनी. तोवर ह्याच शोधात असलेली ती दुसरी मंडळी छापून मोकळी होतील आणि आपण बसू टाळ कुटत. अख्खा घ्या, ताई. पोटासकट."

नाही म्हणता आलं असतं. हात बांधलेले नव्हते, दाराला कुलूप नव्हतं. तिने अख्खा घेतला, पोटासकट. वाटायला चाळीस सेकंद लागले.

संध्याकाळी बाबांनी दारातच विचारलं, "काढलास का पाय? बाकीचा ठीक आहे ना?"

"ठीक आहे. खणात ठेवलाय," ती म्हणाली. खोटं इतकं सहज तोंडातून निघालं, की ती स्वतःच दचकली.

पुढचं सगळं सरांच्या मनासारखं झालं. पांढोबा झाडाच्या अगदी बुडाशी बसला, कोळंबीच्या आणि कीटकांच्या बरोबर मधे. दोघा जुन्या तज्ज्ञांनी पत्रं पाठवली, की फोटोत तरी हा जुन्या कागदांतल्या कसरीसारखा दिसतोय, जरा पुन्हा बघा. सर म्हणाले, दिसण्यावर जाऊ नका, डोळे फसवतात, जनुकं फसवत नाहीत. शोधनिबंध छापून आला. वर नऊ जणांची नावं होती. चिमटाताईचं नाव आठव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, 'तांत्रिक साहाय्य' म्हणून. बाबांचा उल्लेख 'एक स्थानिक संग्राहक'. मग वर्तमानपत्रवाले आले आणि मग तो केक.

बाबांना 'एक स्थानिक संग्राहक' ह्याचंही काही वाटलं नाही. ते हवेत होते. कात्रण खिशात घालून ते गल्लीभर हिंडले. "साऱ्या किड्यांचा खापरपणजोबा," ते दुकानदाराला सांगायचे, "आणि कुठे राहतो? माझ्या बोगद्यात!" जलशुद्धीकरणातल्या चार जुन्या सोबत्यांना त्यांनी शब्द दिला, की तुम्हाला संग्रहालयात नेऊन तो दाखवतो. चिमटाताईने सांगितलं, खणाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे आहे. पुढच्या आठवड्यात सांगितलं, खोलीला रंग देताहेत. त्याच्या पुढच्या आठवड्यात, झुरळांचं औषध मारलंय, आत जाता येत नाही. बाबा दर वेळी "बरं" म्हणायचे. त्या "बरं"मध्ये संशयाचा लवलेश नसायचा आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

मग मौनी बोलला.

मौनी म्हणजे संगणकावर झाड बांधणारा माणूस. पन्नाशीचा, जाड भिंगांचा. दिवसाकाठी दोन वाक्यं बोलायचा, त्यांतलं एक "चहा घेणार?" असायचं. निबंधाचे आकडे सगळ्यांसाठी खुले करायचे म्हणून तो कच्चा माल पुन्हा तपासत होता. दुपारी त्याने खुर्ची वळवली आणि म्हणाला, "पांढोबात दोन प्राणी आहेत."

"म्हणजे?"

त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. एकच जनुक, पण त्याच्या दोन प्रती, एकमेकींशी न जुळणाऱ्या. असं एका नाही, शेकडो जनुकांत. एक प्रत थेट कसरीशी जुळत होती. कसर म्हणजे तीच, जुन्या ट्रंकेतल्या कागदांतून चांदीसारखी सुळकन पळते ती. दुसरी प्रत जुळत होती पाण्यातल्या एका चिमुकल्या जिवाशी. तो कोळंबीचा लांबचा नातेवाईक, तांदळाच्या दाण्याहून लहान आणि गाळण्यांच्या वाळूत मुबलक. मशीनने दोघांचे तुकडे एकत्र वाचले. संगणकाने कधी ह्याची प्रत उचलली, कधी त्याची, आणि अर्धा असा अर्धा तसा निघालेल्या प्राण्याला जागा दिली ती दोघांच्या मधोमध. सरांचा कोट्यवधी वर्षांचा दुवा म्हणजे पांढोबाचं शेवटचं जेवण होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगितलं होतं मी, तिच्या डोक्यात घण पडायला लागले, सांगितलं होतं, सांगितलं होतं. ती तशीच उठली आणि सरांच्या खोलीत शिरली. दारावर टकटक करायची असते, हेही ती विसरली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा पाणी प्यायले. सर वाईट माणूस नाहीत, असं पुष्कळ जण म्हणतात. म्हणोत. त्या दिवशी त्यांनी जे केलं ते असं, की उठून दार लावलं.

"आणखी कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग नका बोलू. असे घोळ आकड्यांतही होतात. मौनीला वेगळ्या पद्धतीने बघायला सांगू."

"आकड्यांत नाही सर, पोटात झालाय घोळ. मी तेव्हाच म्हटलं होतं, आतडं काढते."

"पुढच्या महिन्यात परिषदेत पहिलं भाषण माझं आहे, ताई. सगळं जग येणार आहे. तिथे उभा राहून काय सांगू, की आम्ही किड्याचा डबा वाचून आलो?"

"हो," ती म्हणाली. "तेच सांगा."

"पुरावा आणा," सरांचा आवाज चढला. "तुमच्या वडिलांकडे दुसरा आहे ना? त्याचा पाय आणा. स्वच्छ पाय, बाकी काही नाही. पायात फक्त कसर निघाली तर बघू. तोवर तोंड बंद."

दोन वर्षांपूर्वी पाय पुरत नव्हता. आता पाय चालत होता, तोही बाबांकडून मागून आणायचा. जिना उतरताना तिने सरांना मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या, की त्या तिला येतात हे तिलाही माहीत नव्हतं. शिव्या देताना बरं वाटत होतं. घर जवळ यायला लागलं तसं ते बरं वाटणं संपलं. सरांवरचा राग सोपा होता. पण घरी जाऊन बाबांना काय सांगायचं? पाय हवाय का, हे सांगायचं तर पहिल्याचं काय झालं, हेही सांगावंच लागणार होतं.

आई-बाबा जेवणाच्या टेबलाशी चहा घेत बसले होते. तिने उभ्यानेच सांगितलं, एका दमात, काही न गाळता. खणात काही नाही. अख्खा वाटला. सरांनी सांगितलं आणि मी वाटला. त्याच्या पोटातलं त्यात मिसळलं. तो खापरपणजोबा वगैरे कुणी नाही, बहुतेक साधी कसर आहे. नक्की कळायला दुसऱ्याचा पाय हवा.

बाबांनी कप खाली ठेवला. आधी ते पाणीखात्यातल्या माणसासारखे चिडले.

"नमुना घ्यायचा तर तोटी दोन मिनिटं वाहू द्यायची. बाटली तीनदा विसळायची. मग भरायची. मला, सातवी शिकलेल्या माणसाला, हे पहिल्या दिवशी शिकवलं. नाहीतर तुम्ही तपासता तोटीतला गाळ आणि अहवाल देता अख्ख्या टाकीचा! एकतीस वर्षांत एक बाटली मी न विसळता भरली नाही. आणि तुमच्या एवढाल्या डिग्रीवाल्या सरांना पोट धुवायला वेळ नव्हता?"

"तेच तर, बाबा! मी त्यांना म्हटलं होतं..."

"तुझे सर तुझ्यापाशी," बाबांनी तिला तोडलं. आवाज एकदम खाली आला आणि तो चढलेल्या आवाजाहून वाईट होता. "त्यांचं माझं काही देणं-घेणं नाही. मला एक पाय कुणी सांगितला होता?"

तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"किल्ली रजेवर गेली. मग रंग. मग झुरळं. मी चार माणसांना तोंड कसं दाखवू ते सोड. मी मूर्खासारखा दर वेळी 'बरं, बरं' म्हणत होतो, तेव्हा तुला काय वाटत होतं? म्हाताऱ्याला काय कळतंय?"

"तसं नाही, बाबा."

"अहो, जाऊ द्या," आई म्हणाली. "किडाच तर होता."

"किड्याचं कोण बोलतंय इथे?" बाबा गरजले आणि टेबलावरचे चमचे खणखणले. आईने चहाचे कप उचलले.

बाबा उठले. कपाटातून दुसरी बाटली आणून त्यांनी टेबलावर ठेवली, आईचा वाचायचा दिवा ओढून जवळ घेतला. "काढ," ते म्हणाले. "इथे काढ. माझ्यासमोर."

तिने खिशातून चिमटा आणि एक नळी काढली, बाटली बशीत ओतली. स्पिरिटमध्ये पांढोबाची डावी बाजू वर येईल असं त्याला वळवलं आणि मागचा पाय मुळाशी धरला. तो केसासारखा सुटून आला. बाबा दिवा धरून उभे होते, इतके जवळ, की त्यांच्या श्वासाने स्पिरिट हलत होतं. पाय नळीत गेला. उरलेला पांढोबा बाबांनी स्वतः बाटलीत घातला, झाकण घट्ट लावलं, बाटली कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. त्या कपाटाला ह्याआधी कधी कुलूप नव्हतं.

पुढचे तीन आठवडे ते तिच्याशी "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोलले.

निकाल आला तेव्हा मौनी एकच शब्द बोलला. "कसर." दुसरी प्रत कुठेही नाही, कोळंबीचं अक्षर नाही. पांढोबा कसरींच्या घरातला निघाला, फार पूर्वी बोगद्यांत आणि भेगांत राहायला गेलेल्या शाखेतला. अंधारात राहून डोळे गेलेले, रंग गेलेला, बाकी सगळा घरच्यांसारखा. म्हणजे त्याचं घर सापडलं होतं. फक्त ते सांगायला तिला घरी कुणाशी बोलायची सोय राहिली नव्हती.

आता सरांना पळवाट नव्हती. दुरुस्तीचं निवेदन छापणं भाग होतं. त्यांनी ते स्वतः लिहिलं आणि चिमटाताईला खोलीत बोलावलं. मौनी आधीच खिडकीशी उभा होता. कागद टेबलावर तिच्या बाजूला सरकवलेला होता, वर पेन. पहिलीच ओळ अशी, की नमुना हाताळताना तंत्रज्ञाकडून झालेल्या चुकीमुळे निष्कर्ष सदोष ठरले. पुढे कंसात तिचं पूर्ण नाव.

शोध लागला तेव्हा नाव आठव्या पानाच्या तळाशी. खापर फुटलं तेव्हा पहिल्या ओळीत. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ही माझी चूक आहे?"

"वाटला कुणी?" सर म्हणाले. "मी वाटला का? हात तुमचाच होता ना?"

"आणि 'पोटासकट' हे कोण म्हणालं? तोंड कुणाचं होतं?"

"आवाज खाली ठेवा. तुमची नेमणूक दर वर्षी माझ्या सहीने होते, हे विसरू नका. निवेदनात कुणाचं तरी काहीतरी लिहावंच लागतं. चार दिवसांनी कुणाच्या लक्षातही राहत नाही. सही करा आणि मोकळ्या व्हा."

"कुणाच्या लक्षात राहत नसेल तर तुमचं नाव घाला!" ती ओरडली. खालच्या मजल्यावरचे लोक नंतर म्हणाले, आम्हाला वाटलं काही फुटलं. "अकरा वर्षं मी ह्या खोलीत 'हो सर' म्हणतेय. तेव्हाही म्हटलं, म्हणून ही वेळ आली. आज नाही म्हणणार."

खिडकीशी हालचाल झाली. "आकडे माझ्याकडे आहेत," मौनी म्हणाला. "हे असं छापलंत तर मी माझं नाव काढून घेतो, आणि का काढलं तेही छापतो."

मौनीच्या तोंडून इतके शब्द एका वेळी सरांनी कधी ऐकले नव्हते. चिमटाताईने पेन उचललं, सरांची पहिली ओळ आडवी खोडली आणि वर दोन वाक्यं लिहिली. संपूर्ण कीटक पोटासकट वापरण्याचा निर्णय प्रमुख संशोधकाचा होता. तो चुकीचा आहे हे ठाऊक असूनही तंत्रज्ञाने तो अमलात आणला आणि नमुना देणाऱ्यापासून ही गोष्ट लपवली.

सरांनी वाचलं. "पहिलं ठीक आहे, समजलं तुमचं म्हणणं," ते जरा नरमून म्हणाले. "पण दुसरं कशाला? स्वतःच्याच हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. आणि घरगुती गोष्टी शास्त्रीय निवेदनात कुणी लिहितं का?"

"दोन्ही जातील, नाहीतर एकही जाणार नाही."

"तुम्हाला हवंय काय नक्की?"

तिला काय हवंय, ते ह्या खोलीत कुणाकडेच नव्हतं. "सही करा, सर," ती म्हणाली आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

निवेदन छापून आलं. वर्तमानपत्रवाले ह्या वेळी आले नाहीत. परिषदेतलं पहिलं भाषण दुसऱ्या कुणाला मिळालं. सर जिन्यात समोर आले की मोबाइलकडे बघायला लागले. वर्षअखेरीनंतर आपल्याला इथे कुणी ठेवणार नाही, हे चिमटाताईला सांगायची गरज नव्हती. निवेदनाची एक प्रत तिने घरी जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती.

चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, खालच्या पहारेकऱ्याचा फोन आला, की तुमच्याकडे एक गृहस्थ आलेत. बाबा होते. कामावर जाताना घालायचे तसा इस्त्रीचा शर्ट, बूट पुसलेले, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला. जिना चढून आल्यावर त्यांनी दम घेतला, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "खण दाखव."

तिने कपाट उघडून खण ओढला. बाटल्यांच्या रांगा होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी. एका जागी नुसती चिठ्ठी होती, बाटली नव्हती. बाबांनी चष्मा लावून ती चिठ्ठी वाचली, मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. मग शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली आणि त्या जागेत उभी केली.

"कसर तर कसर," ते म्हणाले. "निदान घर तरी कळलं. पुढे कुणाला बघायचं असेल तर तो इथे असायला हवा, माझ्या कपाटात राहून काय उपयोग?"

तीन आठवड्यांचा, दोन वर्षांचा राग एकदम पातळ झाला आणि डोळ्यांत उतरला. "बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या हाताकडे हात नेला.

बाबांनी हात मागे घेतला. "पावती दे," ते म्हणाले.

"काय?"

"नमुना दिला की पावती घ्यायची असते. आमच्याकडे तशीच पद्धत होती. लिही. एक कीटक, स्पिरिटमध्ये, पाय पाच. ह्यातलं काहीही काढायचं झालं तर देणाऱ्याला आधी लेखी विचारलं जाईल."

ती टेबलाशी बसली आणि लिहायला लागली. अक्षर वाकडं येत होतं. बाबा मागे उभे राहून प्रत्येक शब्द बघत होते. तिने तारीख घातली, सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"सहीखाली हुद्दा लिही," ते म्हणाले. "मुलीच्या शब्दावर मी एकदा नमुना दिला होता."

तिने हुद्दा लिहिला.